तालीम, देह आणि अपेक्षाभंग : ‘आयर्न फिस्ट’ या मालिकेच्या प्रेक्षक-प्रतिसादाचा विचार

प्रस्तावना

एखादी कलाकृती न आवडणे ही एक गोष्ट आणि तिने निराशा करणे ही दुसरी. जिच्याकडून काहीच मागितलेले नसते ती कलाकृती आवडली नाही, तर प्रेक्षक तिच्याकडे पाठ फिरवतो आणि तिला विसरतो. निराशा मात्र त्याच्याच वाट्याला येते, ज्याने मनात काही धरलेले असते. म्हणून प्रेक्षकांच्या निराशेचा अभ्यास हा एका अर्थाने त्यांच्या अपेक्षांचाच अभ्यास ठरतो.

या दृष्टीने १७ मार्च २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झालेली ‘आयर्न फिस्ट’ ही अमेरिकन मालिका हे एक लक्षणीय उदाहरण आहे. मार्व्हलच्या चित्रकथांवर आधारलेल्या या मालिकेचे पहिले पर्व तेरा भागांचे होते. ‘रॉटन टोमॅटोज’ या समीक्षा-संकलन करणाऱ्या संकेतस्थळावर या पर्वाच्या अनुकूल समीक्षांचे प्रमाण जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास राहिले. याच मालिकासमूहातील ‘डेअरडेव्हिल’ (२०१५), ‘जेसिका जोन्स’ (२०१५) आणि ‘ल्यूक केज’ (२०१६) यांच्या पहिल्या पर्वांचे स्वागत उत्साहाने झाले होते. निर्मितीसंस्था तीच, कथाविश्व तेच, न्यूयॉर्क शहरही तेच असताना चौथ्या मालिकेच्या वाट्याला असा प्रतिसाद का यावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) ‘आयर्न फिस्ट’विषयीच्या प्रेक्षकांच्या अपेक्षा कोणत्या परंपरांतून घडल्या ते पाहणे.
(२) युद्धकलाप्रधान कथेत नटाच्या देहाचे स्थान स्पष्ट करणे.
(३) अपेक्षाभंगाची कारणे आणि त्याचा पुढील निर्मितीवर झालेला परिणाम यांचा विचार करणे.

सैद्धान्तिक आधार

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये आपल्या स्वीकार-मीमांसेत ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने साहित्यकृतीकडे येत नाही. पूर्वी वाचलेल्या कृती, त्या त्या प्रकाराचे संकेत आणि जीवनानुभव यांनी त्याचे क्षितिज आखलेले असते. नवी कृती ते क्षितिज विस्तारते किंवा त्याच्या अलीकडेच थांबते. यातील पहिल्या स्थितीतही वाचक चकित आणि प्रसंगी नाराज होऊ शकतो. पण ती नाराजी कालांतराने मान्यतेत बदलते. दुसऱ्या स्थितीतील नाराजीला असा उत्तरकाळ क्वचितच लाभतो.

भारतीय काव्यशास्त्रातील दोन संकल्पनाही येथे उपयुक्त ठरतात. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. एकाने जे सांगितले त्याला दुसऱ्याने दुजोरा द्यावा, तेव्हा प्रयोग एकजीव होतो. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्र यांनी ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याला काव्याचे जीवित मानले. जे ज्याला साजेसे ते त्याच्या ठायी असणे, हा त्या विचाराचा गाभा होय. ‘आयर्न फिस्ट’विषयीच्या तक्रारी वरवर पाहता विखुरलेल्या वाटतात, या दोन संकल्पनांच्या प्रकाशात त्यांची दिशा एकच असल्याचे दिसते.

पात्राची पार्श्वभूमी

आयर्न फिस्ट ऊर्फ डॅनी रँड हे पात्र लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार गिल केन यांनी निर्माण केले. ‘मार्व्हल प्रीमियर’ या नियतकालिकाच्या मे १९७४ च्या पंधराव्या अंकात ते प्रथम अवतरले. हा काळ ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘कुंग फू’ ही दूरचित्रवाणी मालिका १९७२ पासून अमेरिकेत गाजत होती. १९७३ मध्ये हाँगकाँगचे युद्धकलापट अमेरिकन चित्रपटगृहांत गर्दी खेचू लागले. त्याच वर्षी २० जुलै रोजी ब्रूस ली यांचे निधन झाले आणि पुढील महिन्यात ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. मार्व्हलने या लाटेवर आधी शांग-ची आणि मग आयर्न फिस्ट अशी दोन पात्रे वाचकांसमोर आणली.

मालिकेतील कथा थोडक्यात अशी : धनाढ्य रँड कुटुंबाचे विमान हिमालयात कोसळते. आईवडील दगावतात आणि दहा वर्षांच्या डॅनीला कुनलुन या गूढ नगरीतील भिक्षू वाचवतात. तेथे कठोर साधना करून, शोउ-लाओ नावाच्या ड्रॅगनला सामोरे जाऊन तो ‘आयर्न फिस्ट’ हे पद मिळवतो. एकाग्रतेने आपली मूठ पोलादासारखी करण्याचे सामर्थ्य त्याला लाभते. पंधरा वर्षांनी तो न्यूयॉर्कला परततो, तेव्हा वडिलांचा उद्योगसमूह बालमित्र वॉर्ड आणि जॉय मीचम यांच्या हाती असतो.

येथे भूगोलाविषयी एक गोष्ट नोंदवावी लागेल. प्रत्यक्षातील कुनलुन पर्वतरांग तिबेटच्या पठाराच्या उत्तर सीमेवर आहे. ती हिमालयाचा भाग नाही. चिनी पुराणकथांत कुनलुन हे ‘पश्चिमेची राजमाता’ या देवतेचे निवासस्थान मानले जाते. चिनी पुराण, बौद्ध विहार आणि हिमालय यांची ही सरमिसळ पौर्वात्य जगाकडे दुरून पाहणाऱ्या दृष्टीतून आलेली आहे. एडवर्ड सैद यांनी ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथात ज्या दृष्टीची चिकित्सा केली, तिचे हे लोकप्रिय संस्कृतीतील एक रूप म्हणता येईल.

अपेक्षांची चार क्षितिजे

मालिकेकडे वळलेला प्रेक्षक एकजिनसी नव्हता. त्याचे स्थूलमानाने चार गट पाडता येतात.

पहिला गट चित्रकथांच्या जुन्या वाचकांचा. हिरवा-पिवळा पोशाख, ड्रॅगनशी झुंज आणि कुनलुनचे अद्भुत जग ही त्याच्या अपेक्षेची केंद्रे होती. पहिल्या पर्वात डॅनी तो पोशाख घालत नाही. पूर्वीच्या एका आयर्न फिस्टच्या जुन्या चित्रफितीत तो ओझरता दिसतो, एवढेच. ड्रॅगनशी झालेला सामना सूचनेपुरता उरतो आणि कुनलुन तुटक आठवणींत येते. कथेचा बराच भाग मात्र उद्योगसमूहाच्या बैठका, समभाग आणि मालकीहक्क यांत खर्ची पडतो. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत येथे आहार्य पक्षच दुबळा राहिला.

दुसरा गट ‘डेअरडेव्हिल’ पाहून आलेल्यांचा. या मालिकेने साहसदृश्यांचा मानदंड उंचावून ठेवला होता. तिसरा गट हाँगकाँग व चीनच्या युद्धकलापटांवर पोसलेल्या रसिकांचा. चौथा गट प्रामुख्याने आशियाई वंशाच्या अमेरिकन प्रेक्षकांचा. २०१४ पासूनच डॅनीच्या भूमिकेसाठी आशियाई-अमेरिकन नट निवडावा, अशी मागणी या वर्गातून जाहीरपणे होत होती.

प्रदर्शनापूर्वी समीक्षकांना पहिले सहा भाग दाखवण्यात आले आणि प्रतिकूल मते लगेच उमटली. अशा मालिका समीक्षकांसाठी नसून चाहत्यांसाठी असतात, अशा आशयाचे उत्तर प्रमुख अभिनेते फिन जोन्स यांनी दिले. या उत्तरात तथ्यांश होता. सर्वसामान्य प्रेक्षकांनी दिलेले गुणांकन समीक्षकांपेक्षा पुष्कळच उदार होते. परंतु वरील चारही गट चाहत्यांचेच होते, हे त्यात निसटले. निराश झालेला प्रेक्षक हा बहुधा विषयाचा जाणता प्रेक्षक होता.

देहाची साक्ष

चारही गटांच्या तक्रारी ज्या एका बिंदूपाशी मिळतात तो बिंदू म्हणजे नायकाचा देह. इतर अतिमानवी नायकांचे सामर्थ्य बाह्य कारणांनी सिद्ध होते. कोणाला प्रयोगशाळेतील अपघातातून शक्ती मिळते, कोणाला यंत्रकवचातून. त्यामुळे नटाची शारीरिक निपुणता हा विश्वासाचा एकमेव आधार नसतो; संगणकीय दृश्यपरिणाम ती उणीव भरून काढतात. युद्धकलेच्या नायकाची शक्ती मात्र सरावातून आलेली असते आणि सराव देहावर उमटतो. पाय जमिनीवर कसा टेकतो, वार चुकवताना खांदा कसा वळतो, प्रहारानंतर तोल कसा सावरला जातो, यांतून प्रेक्षक त्या पात्राचा भूतकाळ वाचत असतो.

हाँगकाँगच्या चित्रपटपरंपरेने या वाचनाची सवय लावली. लाउ कार-ल्युंग दिग्दर्शित ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) या चित्रपटाचा मोठा भाग शिकण्यातच जातो. नायक एकेका दालनातून जातो, पडतो, पुन्हा उभा राहतो. शेवटच्या लढतीत दिसणारे त्याचे कौशल्य प्रेक्षकाने डोळ्यांदेखत घडताना पाहिलेले असते. म्हणून ते सिद्ध करण्यासाठी संवादाची गरज उरत नाही.

‘डेअरडेव्हिल’च्या पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागातील मार्गिकेतली लढत याच जातीची आहे. एका अरुंद मार्गिकेत, दृश्य न तोडता चित्रित केल्यासारख्या दीर्घ शॉटमध्ये नायक अनेकांशी लढतो. तो थकतो, भिंतीला टेकतो, धाप टाकतो आणि पुन्हा पुढे सरकतो. कॅमेरा काहीच लपवत नाही. तेथे देह बोलतो आणि प्रेक्षक विश्वास ठेवतो.

‘आयर्न फिस्ट’च्या पहिल्या पर्वात उलट क्रम आढळतो. आपण अमर आयर्न फिस्ट आहोत, कुनलुनचे रक्षक आहोत, ‘हँड’ या संघटनेचे शत्रू आहोत, हे डॅनी वारंवार स्वमुखाने सांगतो. ‘द डिफेंडर्स’ (२०१७) या पुढील मालिकेत तर इतर पात्रेच त्याच्या या बिरुदाची खिल्ली उडवतात. म्हणजे वाचिक अभिनय एक दावा करतो. पण लढतीची वेळ येते तेव्हा त्वरित संकलन, जवळचे शॉट आणि अंधुक प्रकाश यांच्या आड हालचाल झाकली जाते. पंधरा वर्षांच्या साधनेचा दावा आंगिक अभिनयाच्या कसोटीला उतरत नाही. वाचिक आणि आंगिक यांच्यातील ही फारकत हेच अपेक्षाभंगाचे मूळ होय.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. याच पर्वातील ज्या व्यक्तिरेखांची प्रशंसा झाली त्यांत जेसिका हेनविक यांची कोलीन विंग आणि टॉम पेल्फ्री यांचा वॉर्ड मीचम ठळक होत्या. कोलीनच्या लढतींत, विशेषतः पिंजऱ्यातील झुंजींत, चपळता आणि राग देहातून व्यक्त होतात. वॉर्डला तर युद्धकला येतच नाही. परंतु बापाच्या धाकाखाली आणि व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या त्या माणसाचा कंप, घाम आणि नजर यांतून सात्त्विक अभिनयाचा प्रत्यय येतो. जेथे देहाने शब्दाला साक्ष दिली तेथे प्रेक्षकाने हातचे न राखता दाद दिली.

तालमीचा प्रश्न

ही फारकत नटाच्या अकुशलतेमुळे आली असे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. चित्रीकरणाचे वेळापत्रक इतके घाईचे होते की अनेक लढती आपण चित्रीकरणाच्या अवघी पंधरा मिनिटे आधी शिकत होतो, अशा आशयाचे विधान फिन जोन्स यांनी मुलाखतीत केले होते. पहिल्या पर्वाचे चित्रीकरण २०१६ मध्ये झाले आणि त्याच्या पाठोपाठ चार नायकांना एकत्र आणणाऱ्या ‘द डिफेंडर्स’चे काम सुरू झाले. ती मालिका १८ ऑगस्ट २०१७ रोजी प्रदर्शित झाली. जवळजवळ प्रत्येक भागात वावरणाऱ्या प्रमुख नटाला सरावासाठी वेगळा वेळ काढणे अशा साखळीत कठीण होते.

येथे एक विसंगती समोर येते. चिनी भाषेतील ‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ हाणामारीची कला असा नाही. दीर्घ काळ परिश्रम करून संपादन केलेले कोणतेही कौशल्य म्हणजे कुंग फू. मग ते सुलेखनाचे असो वा स्वयंपाकाचे. काळ आणि कष्ट हे या संकल्पनेचे दोन घटक आहेत. पंधरा वर्षांच्या साधनेची कथा पंधरा मिनिटांच्या तयारीवर उभी राहावी, हे औचित्यदृष्ट्या मोठेच व्यंग ठरते.

मराठी भाषेने हा संबंध एकाच शब्दात जपून ठेवला आहे. अरबीतून आलेल्या ‘तालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्यालाही लागू होतो आणि नाटकाच्या सरावालाही. पहिलवान तालमीत घुमतो आणि नटही तालीम करतो. युद्धकलेचे नाट्य जेथे उभे करायचे असते तेथे या दोन्ही तालमी एकमेकींत मिसळणे अपरिहार्य असते. ‘आयर्न फिस्ट’च्या पहिल्या पर्वात नेमकी या दुहेरी तालमीची उणीव होती आणि ती प्रेक्षकाच्या नजरेतून सुटली नाही.

देह कोणाचा?

चौथ्या गटाचा आक्षेप या चर्चेला आणखी एक परिमाण देतो. मूळ चित्रकथेत डॅनी गौरवर्णीय आहे. त्यामुळे गौरवर्णीय नट निवडणे ही मूळ कृतीशी निष्ठाच होय, असे समर्थन केले गेले. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु मूळ कृतीच ज्या काळाची अपत्य होती त्या काळाचा विचार त्यात येत नाही. ‘कुंग फू’ मालिकेतील अर्धचिनी नायकाची भूमिका डेव्हिड कॅरेडाइन या गौरवर्णीय नटाने केली होती. त्या भूमिकेसाठी ब्रूस ली यांच्याही नावाचा विचार झाला होता. आशियाची विद्या पडद्यावर हवी, आशियाई देह मात्र नायकस्थानी नको, अशी ती व्यवस्था होती. एका परक्या मुलाने पौर्वात्य नगरीत जावे आणि तेथील सर्वांना मागे टाकून सर्वोच्च पद मिळवावे, हे कथासूत्र त्याच व्यवस्थेतून जन्मले.

मालिकेने हा प्रश्न नकळत स्वतःच अधोरेखित केला. आठव्या भागात झोऊ चेंग हा मद्यधुंद शैलीत लढणारा रक्षक डॅनीसमोर उभा राहतो. ही भूमिका लुईस टॅन यांनी केली. त्यांचे वडील फिलिप टॅन हे युद्धकलातज्ज्ञ आणि स्टंट-दिग्दर्शक आहेत. विशेष म्हणजे डॅनीच्या भूमिकेसाठी लुईस टॅन यांचाही विचार झाला होता. त्या एका प्रसंगात प्रतिनायकाची सहज, मोकळी हालचाल आणि नायकाची सावध हालचाल एकाच चौकटीत येतात. जे टीकाकार महिनोन्‌महिने सांगत होते ते पडद्यानेच काही मिनिटांत दाखवून दिले.

अर्थात आशियाई वंशाच्या नटाला युद्धकला जन्मतःच येते, असे समजणे हाही एक साचाच ठरेल. टॅन यांचे कौशल्य सरावातून आलेले आहे. प्रतिनिधित्वाचा आक्षेप आणि तालमीचा आक्षेप हे वेगवेगळे आहेत. परंतु निवडीच्या वेळी दोन्ही बाजूंनी विचार झाला असता, तर दोन्ही उणिवा एकाच वेळी टळण्याची शक्यता होती, एवढे म्हणता येते.

दुसरे पर्व : उशिरा आलेली दुरुस्ती

निर्मात्यांनी ही टीका गांभीर्याने घेतली, असे दुसऱ्या पर्वावरून दिसते. ७ सप्टेंबर २०१८ रोजी आलेल्या या पर्वात स्कॉट बक यांच्या जागी रेव्हन मेट्झनर यांच्याकडे सूत्रे आली. लढतींचे संयोजन क्लेटन बार्बर यांच्याकडे सोपवले गेले आणि नटांना सरावासाठी अधिक अवधी मिळाला. भागांची संख्या तेरावरून दहावर आली. उद्योगसमूहाचे राजकारण मागे सरले. डॅनीचा कुनलुनमधील बंधुतुल्य सहाध्यायी दावोस केंद्रस्थानी आला. भारतीय वंशाचे ब्रिटिश नट साशा धवन यांनी ही भूमिका केली आहे. जे पद आपल्या साधनेचे फळ होते ते परक्याला मिळाले, ही दावोसची व्यथा म्हणजे प्रेक्षकांच्या आक्षेपालाच कथेत मिळालेले स्थान होते. पर्वाच्या शेवटी आयर्न फिस्टचे सामर्थ्य कोलीनकडे जाते, ही घटनाही याच दिशेने वाचता येते.

समीक्षकांचे मत पहिल्यापेक्षा स्पष्टपणे सुधारले. परंतु निराश प्रेक्षक परत आणणे हे नवा प्रेक्षक मिळवण्याहून अवघड असते. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे प्रदर्शनानंतर पाच आठवड्यांत, मालिका बंद केल्याचे जाहीर झाले. पुढील काही महिन्यांत या समूहातील इतर मालिकाही नेटफ्लिक्सने थांबवल्या. त्यामुळे केवळ प्रेक्षकांच्या निराशेने ‘आयर्न फिस्ट’ संपली असा निष्कर्ष काढता येत नाही. व्यावसायिक संबंधांतील बदलही त्यामागे होते. २०२२ मध्ये या सर्व मालिका डिस्नेच्या मंचावर गेल्या. दरम्यान २०२१ मध्ये सिमू लिऊ यांची प्रमुख भूमिका असलेला ‘शांग-ची’ हा मार्व्हलपट आला आणि त्यातील बसमधील लढत विशेष वाखाणली गेली. १९७० च्या दशकातील लाटेतून जन्मलेल्या दोन पात्रांपैकी एकाला त्याचा साजेसा देह मिळाला, तो असा.

निष्कर्ष

(१) ‘आयर्न फिस्ट’विषयीची निराशा विविध गटांतून आली असली तरी तिच्या मुळाशी सांगितलेले आणि दिसलेले यांतील अंतर होते. वाचिक अभिनयाने केलेल्या दाव्याला आंगिक व आहार्य अभिनयाचा आधार मिळाला नाही.

(२) युद्धकलाप्रधान कथेत नटाचा सराव ही निर्मितीची दुय्यम बाब नसून कथेचा आशयच असते. तेथे वाचवलेला वेळ पडद्यावर उणीव होऊन दिसतो.

(३) मूळ कृतीशी निष्ठा हे पात्रनिवडीचे एकमेव समर्थन होऊ शकत नाही. रूपांतर नव्या काळात घडत असल्याने त्या काळाचे प्रश्नही त्याला सामोरे येतात.

(४) दुसऱ्या पर्वाने केलेली दुरुस्ती पाहता प्रेक्षकांची निराशा ही नुसती तक्रार नव्हती, तर निर्मितीला दिशा देणारी समीक्षा होती.

प्रेक्षकाने पोलादी मुठीचा चमत्कार खुशाल खरा मानला असता. ड्रॅगनही मानला असता. त्याची मागणी एवढीच होती की, त्या चमत्कारापर्यंत पोहोचण्यासाठी लागलेली वर्षे त्या हातावर दिसावीत.